तंजावरचे शरभेंद्र : सरफोजी राजे आणि त्यांचा धन्वंतरी महाल

दक्षिणयात्रेस निघालेली आपल्याकडील मंडळी कुंभकोणम्‌ला उतरली म्हणजे महामहम् तलावावर स्नान आणि कुंभेश्वराचे दर्शन आटोपून तंजावरची वाट धरतात. याच वाटेवर, कुंभकोणम्‌पासून अवघ्या तीन-चार किलोमीटरांवर, दारासुरम् हे रेशीम विणणाऱ्यांचे गाव लागते. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेले ऐरावतेश्वराचे मंदिर येथे आहे. इ. स. २००४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून प्रवाशांची वर्दळ वाढली आहे. परंतु आपल्या लोकांची गाडी येथे अर्धा तासच थांबते. रथाची चाके कोरलेला मंडप पाहून, छायाचित्रे काढून मंडळी पुढे निघतात.

थोडा अधिक वेळ काढावा अशी ही जागा आहे. येथील स्थलपुराण सगळेच्या सगळे आरोग्याचे आहे. दुर्वासाच्या शापाने इंद्राच्या ऐरावताचा शुभ्र वर्ण गेला, तो येथे शिवाची आराधना करून त्याने परत मिळविला. ऋषींच्या शापाने प्रत्यक्ष यमधर्माच्या अंगाची आग होऊ लागली, ती येथील तीर्थात स्नान केल्यावर शमली. म्हणून त्या तीर्थाचे नाव यमतीर्थ. ज्याच्या भीतीने माणसे वैद्याच्या पायऱ्या चढतात तो यमच येथे रोगी होऊन आला, ही कल्पना मोठी गमतीची खरी.

याच मंदिरात शरभाची काळ्या दगडाची एक दुर्मिळ मूर्ती आहे. शरभ आपल्याला अनोळखी नाही. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर सिंहासारखा हा प्राणी सर्रास कोरलेला असतो. तमिळ देशात मात्र शरभ म्हणजे उग्र नरसिंहास शांत करण्याकरिता शिवाने घेतलेले रूप. पशू, पक्षी आणि मनुष्य यांचे मिश्रण. या शरभाचे नाव धारण करणारा एक मराठा राजा येथून पस्तीस-एक किलोमीटरांवर तंजावरास होऊन गेला. मालोजी राजांनी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून आपल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. त्या शरीफजीचे सरफोजी झाले आणि तंजावरच्या पंडितांनी सरफोजीचे संस्कृत रूप केले शरभोजी, शरभेंद्र. एका नावात पीर आणि शिव दोघेही आले. ज्या पुरुषाचे चरित्र येथे सांगावयाचे आहे त्याला हे नाव फार शोभून दिसते.

दुसरे सरफोजी यांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसल्यांच्या एका शाखेत झाला. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेले तंजावरचे राज्य त्या वेळी कर्जाने आणि इंग्रजांच्या मागण्यांनी जर्जर झाले होते. तुळजाजी राजांची मुले त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मृत्युशय्येवर असता १७८७ च्या जानेवारीत त्यांनी नऊ-दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले आणि त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली ती श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन पाद्र्याला. ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या हाती मराठा राजपुत्र सोपविणे हे त्या काळी कसे दिसले असेल याची कल्पनाच करावी. परंतु तुळजाजींची माणसांची पारख चुकली नाही.

तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान अशास्त्र असल्याचा वाद उपस्थित केला. पंडितांचे अभिप्राय घेण्यात आले आणि कंपनीने अमरसिंहांस गादीवर बसविले. पुढील काही वर्षे बालराजा जवळजवळ नजरकैदेत होता आणि त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झने कंपनीकडे पाठपुरावा करून १७९३ मध्ये त्याला मद्रासेस हलविले. तेथे गेरिके या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू झाले. इंग्रजीबरोबर युरोपातील नव्या शास्त्रांची गोडी त्याला लागली ती येथेच. पुन्हा पंडितांची मते मागविण्यात आली. ती या वेळी दत्तकाच्या बाजूची निघाली. शास्त्रार्थाचा काटा कंपनीच्या सोयीने फिरतो, हे ध्यानात येण्याइतका तो तरुण चतुर होता. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी २९ जून रोजी सरफोजी गादीवर बसले. पदच्युत अमरसिंह कुंभकोणम्‌जवळ तिरुविडैमरुदूर येथे जाऊन राहिले.

गादी मिळाली, पण राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा सारा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर राहिला. दरसाल एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा एक पंचमांश त्यांस मिळावा असे ठरले. वय बावीस, हातात पैसा, आणि करावयास काम नाही. अशा अवस्थेत गेलेले त्या काळचे संस्थानिक कोणत्या वाटेने गेले हे आपणांस इतिहासात भरपूर वाचावयास मिळते. सरफोजी वेगळ्या वाटेने गेले, आणि ती वाट आरंभी दिसते ती एका पत्रात.

तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या यात्रामार्गावर ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा, बांधली होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली होती. कारभाराबरोबर ही गावेही कंपनीच्या हाती जाण्याचा प्रसंग आला. तेव्हा १८०१ च्या जानेवारीत सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यास सविस्तर लिहून छत्रांत काय चालते ते कळविले. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजलेले अन्न मिळे. ज्यास ते चालत नसे त्यास शिधा. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची चौकशी होई. प्रत्येक छत्रात शिक्षक असे, आणि रोग, सूज व सर्पादिकांचे विष यांवर उपाय जाणणारा एक वैद्यही असे. आजारी पडलेल्या यात्रेकरूस बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे अन्न मिळे. वाटेत मातापितरे वारलेली मुले शिक्षकाच्या हवाली होत. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि चार दिवसांनी एकदा तेलाचे अभ्यंग. गर्भवती स्त्रीची विशेष काळजी घेतली जाई. ती छत्रात प्रसूत झाल्यास सारा खर्च आणि औषधे छत्राची, आणि त्यापुढे तीन महिने राहण्याची मुभा.

बाळंतिणीला तीन महिने, ही तरतूद वाचून आजच्या नोकरदार भगिनींस काहीतरी आठवेल. पण पत्राचे खरे वैशिष्ट्य दुसरे आहे. राजा येथे मानपानाची किंवा तोफांच्या सलामीची मागणी करीत नाही. आजाऱ्याच्या पथ्याचा खर्च कापला जाऊ नये एवढ्यासाठी तो शब्द खर्ची घालतो. ओरत्तनाडू येथे त्यांनी पुढे मुक्तांबाळ छत्र उभारले. अन्नदान, विद्यादान आणि रुग्णसेवा एकत्र असण्याची ती परंपरा तेथे चालू राहिली.

आता त्यांच्या अभ्यासाकडे वळू. सरस्वती महाल हे ग्रंथालय नायक राजांच्या काळापासूनचे. त्याला आजचे रूप आले ते सरफोजींमुळे. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांची भर तर त्यांनी घातलीच, शिवाय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन इत्यादी भाषांतील हजारो छापील पुस्तके मागविली. पुष्कळशा पुस्तकांवर त्यांची स्वतःची सही आहे. त्यांत वैद्यकाची, शरीरशास्त्राची, रसायनाची, वनस्पतींची पुस्तके आहेत. फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रँ याची माणसांचे व पशूंचे चेहरे शेजारी-शेजारी ठेवून तुलना करणारी चित्रे आजही तेथे पाहणाऱ्यांची गर्दी खेचतात. त्यातील शास्त्र आता कोणी मानीत नाही. परंतु माणसाचे शरीर हा पाहण्याचा, मोजण्याचा, चित्रात उतरविण्याचा विषय आहे ही दृष्टी त्यातून दिसते.

या दृष्टीला अडसरही होता. शरीररचना शिकावयाची तर हाडांचा सांगाडा हवा, आणि सोवळेओवळे पाळणाऱ्या हिंदू राजाने मृत माणसाची हाडे राजवाड्यात कशी आणावी? सरफोजींनी यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे : हस्तिदंताचा सांगाडा. धर्मही राहिला, विद्याही मिळाली. १८०४ च्या सुमारास तंजावरास आलेल्या लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवाशाने राजाच्या या शरीरशास्त्राच्या नादाची नोंद केली आहे. काहींना ही पळवाट वाटेल. मला ती वाटत नाही. बंगालमध्ये मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केले ते १८३६ मध्ये. त्याच्याही तीस वर्षे अगोदर एक राजा हाडांची नावे पाठ करीत बसला होता.

या अभ्यासाला संस्थेचे रूप आले ते धन्वंतरी महालात. येथे एकाच छपराखाली आयुर्वेदाचे वैद्य, सिद्ध पद्धतीचे तमिळ वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकार काम करीत. माणसांसाठी औषधे सिद्ध होत, तशीच जनावरांसाठीही होत; हत्ती व घोडे यांच्या चिकित्सेचे ग्रंथ सरस्वती महालात आहेतच. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे काढवून घेण्यात आली. एक वैद्य दुसऱ्याच्या औषधास हात लावीत नाही, हा आपल्याकडील जुना रोग. पाठ बापाकडून मुलाकडे जातो, आणि मुलगा नसला तर चितेवर जातो. तंजावरात ते पाठ बाहेर काढून, वापरून पाहून लिहून घेण्याचा उद्योग झाला. गुण आलेले योग तमिळ कवींकडून पद्यात रचवून घेण्यात आले. पद्य एवढ्यासाठी, की खेड्यातील वैद्यास ते पाठ करता यावे. हे संग्रह शरभेंद्र वैद्य मुरैगळ, म्हणजे शरभेंद्राच्या वैद्यरीती, या नावाने ओळखले जातात. विसाव्या शतकात सरस्वती महालाने रोगवार त्यांचे खंड छापले आणि तमिळ वैद्य ते वापरीत आले आहेत. मराठा राजाचे नाव तमिळ वैद्याच्या औषधपेटीत जाऊन बसले, ते असे.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. पद्यातील योग औषध कसे करावे ते सांगतो; ते किती जणांना दिले, किती बरे झाले आणि किती जणांना काहीच उपयोग झाला नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही. ज्याला गुण आला तो वैद्याचे नाव गावभर करतो. ज्याला आला नाही तो दुसऱ्या वैद्याकडे जातो, किंवा बोलावयास उरतच नाही. म्हणून केवळ बऱ्या झालेल्यांच्या सांगण्यावरून औषधाची परीक्षा होत नाही. प्रत्येक रोग्याचे नाव लिहून, तो कसा आला, काय केले आणि पुढे काय झाले हे ओळीने टिपले तरच ती होते. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हा परिपाठ आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात तो विरळा होता, आणि तंजावरच्या दप्तरातील सर्वांत मोलाचे कागद नेमके या जातीचे आहेत.

हे कागद डोळ्यांच्या रोग्यांचे आहेत. काही इंग्रजीत, काही मोडीत. रोग्याचे नाव, वय, तक्रार किती दिवसांची, डोळा कसा दिसतो, कोणता उपचार किंवा शस्त्रक्रिया केली, नंतरच्या दिवसांत काय घडले, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम. सोबत रोगी डोळ्यांची चित्रे आहेत. मॅकबीन नावाच्या युरोपीय डॉक्टरचे या कामी साहाय्य होते. राजे शस्त्रांची पेटी बरोबर बाळगीत आणि स्वतःच्या हाताने मोतीबिंदू काढीत, असे सांगण्याची प्रथा आहे. कौतुकाच्या भरात त्यांना थोर शस्त्रवैद्य ठरविण्याची घाई मात्र आपण करू नये. सुई कोणाच्या हाती होती याहून, प्रत्येक डोळ्याचा हिशेब लिहून ठेवण्याचा हुकूम कोणाचा होता हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बहुतेक रोगी मोतीबिंदूचे. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. वयाबरोबर ते गढूळ होते आणि प्रकाश आत जाईनासा होतो. सुश्रुताने याला लिंगनाश म्हटले असून त्यावरील शलाकाकर्म वर्णिले आहे. डोळ्याच्या कडेने सुई आत सरकवावयाची आणि ते गढूळ भिंग बाहुलीसमोरून खाली ढकलून द्यावयाचे. भिंग डोळ्यातच राही, पण वाट मोकळी झाल्याने रोग्यास तत्काळ दिसू लागे. म्हणून भटके वैद्यही हे कर्म करून, बिदागी घेऊन, पट्टी सुटण्याच्या आत गाव सोडीत. पुढे डोळा सुजणे, त्यात पू होणे, डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाणे, हे सारे मागाहून येई. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये दाव्हिएल याने छेद घेऊन भिंग बाहेर काढण्याची रीत आणली. तीही निर्धोक नव्हती. ईथरने रोगी बेशुद्ध करण्याचे तंत्र जगापुढे आले १८४६ मध्ये, जंतुनाशक शस्त्रक्रियेचा लिस्टरचा लेख १८६७ चा, आणि डोळा बधिर करणारे कोकेन १८८४ चे. यांतले काहीच तंजावरच्या त्या खोलीत नव्हते. रोगी जागा, त्याचे डोके धरून बसलेला एक मदतनीस, खिडकीचा उजेड आणि सुई. अशा वेळी शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची नोंद ठेवावयाची म्हणजे आपले अपयशही स्वतःच्या हाताने लिहून ठेवावयाचे. भटक्या वैद्याने गाव सोडले. तंजावरच्या वैद्याला ते करता येत नव्हते, कारण उद्या पट्टी सोडून पुन्हा लिहावयाचे होते.

राजांचे बाकीचे उद्योग थोडक्यात आटोपतो, नाही तर हा लेख संपावयाचा नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. देवनागरी ठशांचा छापखाना १८०५ च्या सुमारास काढला आणि त्यातून इसापनीतीचे मराठी भाषांतर छापले, तेव्हा पुण्यामुंबईकडे मराठी मुद्रण बाल्यावस्थेतही नव्हते. देवेंद्रकुरवंजी नावाचे मराठी नाटक त्यांनी रचले. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला चक्क पृथ्वीचा भूगोल सांगते. शाळेत कंटाळवाणा होणारा विषय नाटकातून शिकविण्याची ही युक्ती आपल्या मंडळाच्या बालविभागाने अवश्य विचारात घ्यावी. गुरू श्वार्ट्झ याच्या स्मरणार्थ त्यांनी फ्लॅक्समन या नामांकित शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. मात्र स्वतः ते अखेरपर्यंत निष्ठावंत हिंदूच राहिले. इ. स. १८२० ते १८२२ या काळात प्रचंड लवाजम्यासह काशीयात्रा केली आणि येताना पोथ्या घेऊन आले. इ. स. १८२६ च्या मार्चमध्ये बिशप हेबर त्यांस भेटला. लाव्हाझिए, लिनेयस, ब्यूफाँ यांचे दाखले सहज देणारा हा राजा पाहून तो चकित झाला. पुढच्याच महिन्यात त्रिचनापल्लीस हेबरचा अकस्मात अंत झाला.

सरफोजी राजे ७ मार्च १८३२ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रावाचून वारले आणि कंपनीने तंजावर खालसा केले. किल्ला, जवाहीर, तोफा यांची व्यवस्था काय लागावयाची ती लागली. पोथ्या मात्र वाचल्या. बर्नेल या विद्वानाने संस्कृत हस्तलिखितांची सूची तयार केली, ती १८८० मध्ये छापून निघाली. इ. स. १९१८ मध्ये सरस्वती महाल लोकांसाठी खुला झाला. डोळ्यांच्या रोग्यांचे कागद मात्र दीर्घकाळ कोणा डोळ्यांच्या डॉक्टरने पाहिले नव्हते. ते अलीकडे चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी अभ्यासिले आणि नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकातून जगापुढे ठेविले. दोनशे वर्षांपूर्वीच्या वर्णनावरून आणि चित्रांवरून आजचा तज्ज्ञ रोग ओळखू शकतो, याहून त्या लेखनिकांना आणि चित्रकारांना दुसरी कोणती पावती हवी?

या कागदांचा इंग्रजी भाग वाचणारे भेटतात. मोडी भागाची गोष्ट वेगळी आहे. तंजावरच्या मोडी दप्तराचे गठ्ठे मोठे आहेत आणि ती लिपी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तमिळ विद्वानांनी कष्टाने मोडी शिकून त्यांतील काही कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली आहेत. आपल्या आजोबापणजोबांची लिपी आहे, आणि आपण तिच्याकडे पाहत नाही.

दारासुरम्‌च्या देवळातून निघालेली गाडी तासाभरात तंजावरच्या राजवाड्यापाशी पोहोचते. तेथील कलादालनात दारासुरम्‌हून आणलेली भिक्षाटन शिवाची शिल्पे मांडून ठेविली आहेत. ती आधी पाहावी. मग त्याच आवारातील सरस्वती महालात जावे. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी कोणास मोडी येत असेल, किंवा घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसून ती शिकण्याची अजून संधी असेल, तर त्यांनी एक आठवड्याची सवड काढून जावे. सोबत भिंग न्यावे. अक्षर बारीक आहे.